पावसाळ्यात पाणंदीवरून पळायचं तर: कोणती माती, कधी आणि कसं

जून लागला की सातारा जिल्ह्यातल्या गावागावांत पहाटे पळणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट पाणंद सोडून डांबरी रस्त्यावर येतो. दुसरा थेट दिवाळीपर्यंत पळणंच बंद करतो. कारण दोघांचं एकच, पाणंदीत चिखल झाला.

यातला पहिला गट जास्त धोक्यात असतो. पावसाळी पहाटे साडेपाचला अजून अंधार असतो, झड लागलेली असते, दुधाचे टेम्पो आणि भाजीच्या गाड्या घाईत असतात, ड्रायव्हरच्या काचेवर पाणी असतं. रस्त्याची साइडपट्टी खचलेली असते, म्हणून पळणारा डांबरावरच येतो. अशा वेळी पळणाऱ्याला गाडीने उडवल्याच्या बातम्या राज्यात दरवर्षी कुठून ना कुठून येतात. दुसऱ्या गटाचं नुकसान सावकाश होतं. चार महिने बसून काढले की उन्हाळ्यात कमावलेला दम जातो, आणि ज्यांना डॉक्टरांनी साखरेसाठी पळायला सांगितलंय त्यांची साखर पुन्हा वर सरकते.

चिखलाची वाट वाटते तेवढी वाईट नाही. ती रोज पळण्याजोगी नसते, हे खरं. पण ती कधी पळण्याजोगी असते आणि कधी नसते, हे शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. वाफशाचा जो अंदाज तो कुळवाला आणि पेरणीला लावतो, तोच इथे लावायचा आहे.

ही माहिती पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी नाही. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर घड्याळ लावून पळायचं असतं. त्यांना मैदान लागतं, ते त्यांनी शोधावंच. इथे विचार आहे तो आनंदासाठी, तब्येतीसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास पळणाऱ्या माणसाचा. त्यात शिक्षक आले, दूध घालून मोकळे झालेले शेतकरी आले आणि आता बऱ्याच गावांत बायकाही आल्या.

वाफसा पळणाऱ्यालाही लागतो

पाऊस उघडल्यावर वाटेवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायचा. लाडू फुटला तर वाफसा आला, वाट पळण्याजोगी झाली. लाडू चपटा होऊन तसाच राहिला, किंवा हाताला माती लोण्यासारखी लागली, तर त्या दिवशी ती वाट सोडायची. यात अजून एक फायदा आहे. वाफसा नसताना पळालं की वाटही खराब होते. पावलांचे खड्डे पडतात, त्यात पाणी साठतं, मग तीच जागा आठ दिवस वाळत नाही. बैलगाडीवाले आणि ट्रॅक्टरवाले आधीच नाव घेत असतात, त्यात पळणाऱ्यांची भर नको.

वाफसा किती वेळाने येतो हे मात्र मातीवर आहे, आणि आपल्या जिल्ह्यात माती दर वीस-पंचवीस किलोमीटरला बदलते. महाबळेश्वरला वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, तर तिकडे माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. एकच सल्ला दोन्हीकडे चालत नाही.

काळ्या रानातली वाट सगळ्यात अवघड. कऱ्हाड, कोरेगाव, वाई, साताऱ्याच्या नदीकाठची खोल काळी जमीन पाणी पिऊन फुगते. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण एवढं असतं की दोन पावलांत बुटाला पोळी चिकटते, दहा पावलांत एकेक बूट पाव-अर्धा किलो जड होतो. मग पाय उचलताना मांडीचा पुढचा भाग आणि नडगी भरून येते, आणि बूट सुटून मागे राहिला तर मोजा चिखलात जातो. अशा वाटेवर जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस तरी जाऊ नये. झड लागली असेल तर आठ-पंधरा दिवसही ती वाट विसरायची. काळ्या रानात पळायचंच असेल तर जिथे मुरूम टाकलाय तेवढाच तुकडा घ्यावा आणि त्याच्याच चार फेऱ्या माराव्यात. कंटाळा येतो, पण पाय शाबूत राहतात.

मुरमाड वाट याच्या अगदी उलट. माण, खटाव आणि फलटणचा वरचा भाग, तिथल्या हलक्या रानात पाणी थांबतच नाही. सर येऊन गेली की अर्ध्या-एक तासात वाट मोकळी होते. पावसाळ्यात पळण्यासाठी याहून चांगली जमीन नाही, आणि दुष्काळी म्हणून ज्या भागाला नावं ठेवली जातात त्याचं हे एक सुख आहे. धोका एवढाच, की उतारावर मुरमाचे सुटे खडे वर येतात आणि ते बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडची तांबडी माती या दोन्हींच्या मधली. ती काळीसारखी चिकटत नाही, पण वरचा पापुद्रा साबणासारखा निसरडा होतो. त्यातून जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की ती जागा बर्फासारखी समजावी. हिरवं शेवाळ डोळ्याला दिसतं, काळपट शेवाळ ओल्या दगडासारखंच दिसतं, आणि माणसं पडतात ती या काळपटावर. दगडी पायऱ्या, देवळाची फरशी, ओढ्यावरचा सांडवा, विहिरीजवळची फरशी इथे पळायचंच नाही, चालत जायचं.

भाताच्या खाचरांचे बांध तर पूर्ण वर्ज्य. बांध अरुंद असतो, आतून खेकड्यांनी आणि उंदरांनी पोखरलेला असतो, आणि तो फुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं.

हा खेळ चिखलातूनच आला

चिखलातून पळणं हा गरिबाचा नाइलाज आहे, असं काहींना वाटतं. खरं तर जगभर त्याच्या स्पर्धा होतात. क्रॉस कंट्री नावाचा जो प्रकार आपल्या शाळांच्या क्रीडास्पर्धांत असतो, तो इंग्लंडच्या शाळांतल्या पोरांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केला. पुढची पोरं कागदाचे तुकडे टाकत शेतातून, ओढ्यातून पळायची आणि मागची त्या खुणांवरून त्यांना गाठायची. १८७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठेवली, तर सगळे धावपटू वाट चुकले आणि ती शर्यत रद्द धरावी लागली. ऑलिंपिकमध्येही क्रॉस कंट्री १९१२, १९२० आणि १९२४ अशी तीन वेळा झाली. १९२४ ला पॅरिसच्या कडक उन्हात ३८ जण पळाले आणि १५ जणच शेवटपर्यंत पोचले. त्यानंतर ती ऑलिंपिकमधून काढली.

स्टीपलचेस या शर्यतीचं मूळही तेच. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधले ओढे आणि दगडी बांध ओलांडत जायचं. आज मैदानावर ३००० मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा असतो, म्हणजे शेतातला बांध आणि ओढाच मैदानात आणून ठेवलाय. याच शर्यतीत माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात रौप्यपदक घेतलं. दोघंही दुष्काळी भागातली, शेतकऱ्याच्या घरची.

साताऱ्यात यवतेश्वर घाटातली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आणि तिच्यामुळे जिल्ह्यात पळणाऱ्यांची संख्या वाढली. पण ती डांबरावरची. तिची तयारी म्हणून पाणंदीतलं पळणं उपयोगी पडतं, तिच्या वेळेचा हिशेब मात्र पाणंदीला लावू नये.

वेळ मोजा, किलोमीटर नको

मोबाइलमधलं ॲप किलोमीटर आणि वेग दाखवतं आणि तिथेच माणूस फसतो. डांबरावर सात मिनिटांत किलोमीटर जाणारा चिखलात नऊ-दहा मिनिटं घेतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजलं होतं, की वाळूत पळताना कडक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ताकद लागते. चिखल आणि वाळू एक नाही, पण जमीन पायाखालून सरकते तेव्हा काय होतं, याचा अंदाज त्यातून येतो.

म्हणून तीस मिनिटं पळायचं ठरवलं तर तीसच पळायचं, अंतर किती का होईना. शेजाऱ्याशी तुटक का होईना बोलता येईल, एवढाच दम लागू द्यावा. चढ आणि राडा आला की चालावं. चालण्यात कमीपणा नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि बीपी, साखर, छातीचा त्रास असलेल्यांनी सुरुवात करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं. पळताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यापुढे अंधारी असं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि १०८ ला फोन करायचा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी चालत यायचं नाही.

पाय टाकायची पद्धत साधी आहे. पावलं आखूड आणि पटापट. टाच आधी टेकली की ती घसरते, म्हणून पाय अंगाखालीच, सपाट टेकवायचा. नजर पायापाशी नाही, आठ-दहा फूट पुढे. हात थोडे बाजूला, तोल सावरायला. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांच्या मध्ये जो गवताचा उंचवटा राहतो, तिथून जायचं. गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात, त्यामुळे पाय घसरत नाही. चाकोरीत पाणी साठलं असेल तर त्यात पाय घालू नये. खाली किती खोल आहे ते कळत नाही, आणि फुटकी बाटली तिथेच असते. डबक्यावरून उडी मारायचा मोह तर होतोच, पण पलीकडची कड हमखास निसरडी असते. वळणावर वेग आधी कमी करायचा, वळता वळता नाही. उताराला मागे झुकू नये, त्यानेच माणूस पाठीवर आपटतो.

पडायची वेळ आलीच तर हात ताठ करून जमिनीवर टेकवू नये. मनगट मोडतं ते असंच. कोपर वाकवून, अंग गोळा करून कुशीवर पडावं.

पाय मुरगळला तर आपल्याकडे पहिल्यांदा तेल लावून जोरात चोळतात आणि कुणीतरी ‘ओढून बसवतो’. हे पहिल्या दोन दिवसांत करू नये, सूज वाढते. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकावं, क्रेप बँडेज बांधावं, पाय उशीवर उंच ठेवावा. दुखऱ्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

बूट कोणते

गुळगुळीत तळव्याचे जुने स्पोर्ट्स शूज चिखलात सगळ्यात वाईट. तळव्याला खोल, एकमेकांपासून लांब दाते असलेले बूट लागतात. दाते दाटीवाटीचे असतील तर मधे माती बसते आणि तळवा पुन्हा गुळगुळीत होतो. दुकानात ‘ट्रेल शूज’ मागितले की असे बूट दाखवतात. महाग वाटले तर फुटबॉलचे रबरी खुंट्यांचे बूट मऊ मातीवर चालतात, मात्र मुरमावर आणि डांबरावर ते तळव्याला बोचतात. वॉटरप्रूफ बुटाच्या मागे लागू नये. घोट्यावरून पाणी आत गेलं की ते बाहेर येत नाही, बूट बादली होतो. जाळीचा बूट बरा, आत पाणी गेलं तरी चालता चालता निघून जातं. मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि फोड आणतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे पातळ मोजे घ्यावेत. नाडीला दोन गाठी मारून टोकं बुटात खोचावीत.

अनवाणी पळणारे गावात पुष्कळ आहेत, आणि कोरड्या मैदानावर त्यात काही वावगं नाही. पावसाळ्यात मात्र अनवाणी नकोच. बाभळीचा काटा, तुरीचं आणि कपाशीचं धसकट, काच, पत्रा हे सगळं चिखलाखाली झाकलेलं असतं. त्यातून आत जाते ती घाण वेगळीच. साखर असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा मोडलेला त्याला रात्रीपर्यंत कळत नाही. अशा माणसाने घरापासून गोठ्यापर्यंतही अनवाणी जाऊ नये.

चिखल्या, जखम आणि ताप

पावसाळ्यात पळणारे चिखलामुळे जेवढे पडतात, त्यापेक्षा चिखलातल्या रोगाने जास्त आजारी पडू शकतात. याकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून नीट वाचावं.

चिखल्या सगळ्यांना माहीत आहेत. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाजते, सोलते. पाय ओला राहिला की बुरशी धरते. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत, बेचक्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, ओला मोजा लगेच काढावा. पळायला जाण्याआधी बोटांत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळलं तर पाणी कमी लागतं. मांड्या घासतात तिथेही तेच लावावं. झाल्याच तर बुरशीचं मलम दोन-तीन आठवडे सलग लावावं लागतं. खाज थांबली म्हणून चार दिवसांत सोडलं की पुन्हा येतात. स्टेरॉइड मिसळलेली मलमं दुकानदार सहज देतात. त्याने आधी बरं वाटतं आणि मग बुरशी पसरते.

यापेक्षा गंभीर म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून याचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. पायाला भेग असेल, चिखल्या असतील, खरचटलं असेल तर तिथून ते अंगात शिरतात. म्हणजे चिखल्या हा नुसता खाजेचा विषय नाही, ते उघडं दार आहे. कोकणात भातलावणी करणाऱ्यांमध्ये या रोगाने माणसं गेली आहेत, तिथे आरोग्य विभाग गोळ्या वाटतो. घाटावरही भातखाचरं, उंदरं आणि साचलेलं पाणी आहेच. जंतू शिरल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी महिन्याभरानेही, थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या एवढ्या दुखतात की हात लावू देत नाही. पळणारा माणूस इथेच चुकतो. पोटऱ्या दुखतात त्या पळण्याने, आणि ताप आला तो भिजल्याने, असं तो स्वतःच ठरवतो आणि मेडिकलमधून दोन गोळ्या घेतो. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, किडनीवर जातं.

ताप आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘मी चिखलात पळतो, पायाला जखम होती’ हे आपणहून सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही, आणि हे एक वाक्य कळलं की ते त्या दिशेने तपासतात. सुरुवातीला औषध मिळालं तर हा आजार बरा होतो. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावी, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मनाने मुळीच नाही.

बचाव सोपा आहे. पायाला ताजी जखम किंवा फुटलेल्या चिखल्या असतील तर त्या भरेपर्यंत साचलेल्या पाण्यातून जायचं नाही. गावाचं गटार जिथे पाणंदीत येऊन मिळतं आणि जिथे उकिरड्याचं पाणी वाहतं, तो तुकडा कायमचा टाळायचा. खरचटलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायचं. हळद, चुना, माती काही भरायचं नाही. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल, तर पुन्हा घ्यायला हवं. ते सरकारी दवाखान्यात मिळतं.

पाटण, महाबळेश्वरकडे जळवा लागतात. त्या ओढून काढल्या की जखम वाहत राहते. नखाने तोंडाकडून सरकवून काढाव्यात आणि जागा धुवावी.

ओढा, वीज आणि तार

ओढ्याच्या बाबतीत एकच नियम. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरायचं. जोराच्या प्रवाहात अर्धा फूट पाणीसुद्धा धडधाकट माणसाचा पाय उचलतं. ‘रोजची वाट आहे, फरशी कुठे आहे ते माहीत आहे’ म्हणणारेच वाहून जातात, कारण फरशीचा कडेचा भाग रात्रीत गेलेला असतो. आपल्याकडे ऊन असलं तरी वर डोंगराला पाऊस झाला तर ओढा तासाभरात चढतो. पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहू लागला, आवाज बदलला, की समजावं.

वीज मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात जास्त पडते. लखलखल्यापासून गडगडेपर्यंत तीसच्या आत आकडे मोजून झाले तर वीज जवळ आहे, पळणं थांबवून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं. झाडाखाली आणि खांबाजवळ उभं राहू नये. उघड्या रानात सापडलं तर पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घेतलं तर जवळपास वीज पडण्याचा इशारा मिळतो. मोफत आहे.

तुटून पडलेली तार दिसली तर तिच्याजवळ जायचं नाही, चप्पल-बूट रबरी आहेत म्हणूनही नाही. ओल्या जमिनीतून करंट पसरतो. लांब थांबून १९१२ वर किंवा लाइनमनला कळवायचं आणि दुसऱ्यांना अडवायचं. विजेच्या खांबाला दिलेल्या ताणाच्या तारेला हात लावून चिखल झाडायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडावी. रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाच्या तारेचंही तसंच. झटका मशीनचा धक्का जीव घेत नाही, पण काही जण थेट लाइन सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

साप, कुत्री, बिबट्या

पावसात बिळांत पाणी शिरतं आणि साप बांधावर, वाटेवर येतात. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. सव्वासहानंतर, जमीन नीट दिसू लागल्यावरच पाणंदीत जावं, आणि त्याआधी जायचंच तर बॅटरी हवी. चावलाच तर पळायचं नाही, चावा कापायचा-चोखायचा नाही, करकचून दोरी बांधायची नाही. तो पाय हलू न देता १०८ ने सरकारी रुग्णालय गाठायचं. मंत्रतंत्रात गेलेला तास परत मिळत नाही.

वस्तीवरची कुत्री पळणाऱ्याच्याच मागे लागतात. थांबावं, तोंड त्यांच्याकडे ठेवून हळू मागे सरावं. चावलं तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

ऊस वाढला की कऱ्हाड-पाटण पट्ट्यात बिबट्या असतो. दिवस उगवायच्या आधी आणि मावळल्यावर उसाच्या कडेने एकट्याने पळू नये. दोघा-तिघांनी बोलत जावं, कानात इअरफोन घालू नये. वाकून नाडी बांधायची ती मोकळ्या जागी. बिबट्या किंवा गवा दिसल्यास वनविभागाचा नंबर १९२६.

बायकांनी तर दोघी-तिघी मिळूनच निघावं आणि घरी वाट सांगून जावं. लोक पंधरा दिवस बघतात, नंतर सवय होते. साडी खोचून पळण्यापेक्षा सलवार किंवा ट्रॅक पँट बरी, ओढणी मात्र घरी ठेवावी. कुंपणात अडकते.

वाट कोणाची

गाव नकाशात तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेषेचा पायमार्ग, तो सव्वाआठ फूट. या वाटा सगळ्यांच्या. पण बऱ्याच पायवाटा नकाशात नसतात, त्या कुणाच्या तरी बांधावरच्या असतात आणि मालकाच्या मोठेपणावर चालतात. पेरलेल्या रानातून जाऊन वाट कोरडी शोधणं म्हणजे भांडणाला बोलावणं. उगवलेली सोयाबीन एकदा तुडवली की ती परत उभी राहत नाही. अतिक्रमण होऊन पाणंद अरुंद झाली असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीतून मुरूम-खडीकरणाची तरतूद झाली. ग्रामसभेत ठराव मांडताना शेतमालाच्या वाहतुकीसोबत पळणाऱ्या पोरांचंही नाव घालायला हरकत नाही.

बूट घरी आणल्यावर आधी वरचा चिखल काडीने काढावा, मग धुवावा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्याला ठेवावेत आणि दोन-तीन तासांनी बोळे बदलावेत. चुलीजवळ ठेवले तर डिंक सुटून तळवा उघडतो. दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरावेत. घालण्याआधी बूट रोज उलटा करून आपटायचा, त्यात विंचू बसलेला असतो.

कोजागिरीच्या सुमारास पाऊस जातो आणि वाट वाळते. तेव्हा सगळे निर्धास्त होतात आणि पाय मुरगळण्याचं खरं काम तिथे सुरू होतं, कारण चिखलातल्या चाकोऱ्या आणि गुरांच्या खुरांचे खड्डे आता दगडासारखे कडक झालेले असतात, वर गवत वाढून झाकलेले. उसाच्या गाड्या सुरू होऊन ती ढेकळं मोडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे, आखूड पावलांची पद्धत सोडू नये.